व्हॉल्व्हच्या अँपबद्दल

फोंडा, शुक्रवार रात्र

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अँपच्या पाठीचा फोटो पाहिला. 16 ओहमच्या स्पीकर बॉक्ससोबत मित्राचा 8 चा बॉक्स लावू का, असं विचारलंस. नको लावू. दोन्ही पॅरललमध्ये जातात, मिळून 5.3 ओहम होतात आणि तुझ्या अँपच्या ओहमच्या स्विचवर 4, 8, 16 एवढंच आहे. शिवाय 8 वाला दुप्पट पॉवर ओढणार, आणि दोघांत म्हातारा तोच. दोन्ही 8 चे मिळाले तर स्विच 4 वर ठेव. एकच असला तर त्याच्या पाठीवर जो आकडा असेल तो. मल्टीमीटरवर 8 चा स्पीकर सहा-साडेसहा दाखवेल, त्याला घाबरू नको. मीटर नुसता डीसी रेझिस्टन्स मोजतो.

खरी भीती वेगळीच आहे. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय कधी वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाला वायर सुटली तर बहुधा गप्प बसतो, शॉर्ट झाली तर मरतो. ह्याचं उलटं. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की त्याच्या प्रायमरीत, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमध्ये, व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंगचं इन्शुलेशन फुटतं.

हे मी एका जत्रेत शिकलो, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. नाटक रंगात आलेलं आणि मध्येच भोंगा गप्प. मी आपला व्हॉल्यूम वाढवत बसलो. अँपला कान लावला तर आतून राजाचं भाषण बारीक आवाजात चाललेलं! ट्रान्सफॉर्मरच बोलत होता. भोंग्याची वायर अंधारात कुणाच्या तरी पायात अडकून सुटली होती. ती जोडायला धावलो, परत येतो तोवर जळक्या वार्निशचा वास. अँप भाड्याचा होता. तुझ्या आईला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

म्हणून आधी स्पीकरची वायर, मग मेन. ओहमचा स्विच फिरवायचा तो अँप बंद करूनच. गिटारची केबल स्पीकरला लावू नको. दिसायला तशीच, पण आतली तार अगदी बारीक असते. तिकडे किनाऱ्यावर खाऱ्या हवेने जॅक हिरवे पडतात, तेवढे पुसत जा.

चवथीला येशील तेव्हा अँप घेऊन ये, मी उघडून बघतो. तोवर मागची जाळी काढायची नाही. मेनचा प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसून असतात.

तुझा,
बाबा