रोपाच्या पिशवीतली माती तपासा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि ते खोडायला मी आलेलो नाही. शेणाच्या बेडमधले खतगांडूळ शेण-कचऱ्यावर जगते, रानाच्या मातीत ते सहसा टिकत नाही. त्यामुळे गांडूळखत करणाऱ्या बचत गटांनी माझ्यावर रागावू नये. माझी तक्रार रोपाच्या पिशवीतून जंगलात जाणाऱ्या गांडुळाबद्दल आहे.

2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीत आमची शाळाही डोंगरावर गेली होती. एका मुलीच्या हातातली पिशवी फाटली आणि ढेकळातून फिकट गुलाबी गांडूळ बाहेर आले. "सर, हे कुठलं?" तिने विचारले. मी म्हणालो, "गांडूळ आहे, राहू दे." आम्ही ते रोपासकट खड्ड्यात घातले. जीवशास्त्राच्या मास्तरला तरी त्याची जात विचारायचे सुचायला हवे होते.

पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे गांडूळ मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना भागातले. कुंड्या-रोपांच्या मातीतून ते उष्ण कटिबंधभर पसरले. केरळ-कर्नाटकात पश्चिम घाटातल्या मळ्यांत आणि तोडलेल्या-विस्कटलेल्या रानांत ते आहे. त्याला जोडीदार लागत नाही, म्हणजे पिशवीतला अंड्यांचा एक कोषही पुरतो.

आता जंगलाच्या जमिनीकडे वळू. तिथला पालापाचोळा सावकाश कुजतो आणि ते काम बरेचसे बुरशी करते. तिचे धागे पानापानांतून पसरतात. काही बुरशी मुळांशी जोडलेली असते. ती झाडाला स्फुरद पोचवते आणि बदल्यात साखर घेते. परके गांडूळ संख्येने वाढले की पाचोळा भराभर मातीत ओढला जातो, धागे तुटतात. गांडुळाच्या आतड्यातला चिकट स्राव मातीतल्या निपचित जिवाणूंना जागे करतो. बुरशीचे राज्य जाऊन जिवाणूंचे येते. नत्र लवकर मोकळे होते, आणि आमच्याकडच्या पावसात मोकळे नत्र वाहून जायला कितीसा वेळ लागतो? शेतात जो गुण, तोच रानात दोष.

अमेरिकेच्या मिनेसोटात हे घडून गेले आहे. हिमयुगानंतर तिथल्या जंगलात गांडूळच उरले नव्हते. युरोपातून आलेल्या आणि मासेमारांनी गळाला लावून उरलेली फेकल्याने पसरलेल्या गांडुळांनी पाचोळ्याचा जाड थर खाऊन टाकला, त्यावर वाढणारी नेची आणि रानफुले घटली. सह्याद्रीचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. आपल्याकडे स्वतःची गांडुळे आहेत, इथली मातीही तिच्या जिवाणू-बुरशीसह त्यांच्या सवयीची आहे. भीती आहे ती त्यांची जागा दुसऱ्याने घेण्याची. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ जंगल तोडून कुरणे केली, तेव्हा इतर मातीजीव गेले आणि हेच पोंटोस्कोलेक्स माजले. त्याच्या विष्ठेने वरची माती लिंपल्यासारखी घट्ट झाली, पाणी मुरेना.

म्हणून मागणे साधे आहे. वनखात्याच्या रोपवाटिकांत पिशव्या भरण्याआधी माती प्लास्टिकच्या कागदाखाली कडक उन्हात तापवावी. पोयटा कुठून आणला, याची नोंद ठेवावी. अभयारण्यांत आणि देवराईत बाहेरच्या मातीची रोपे नेऊच नयेत. तिथे हवे तर बी टोकावे. आणि 2016 पासून जिथे लागवड झाली त्यांपैकी काही जागा आणि शेजारचे अस्पर्श रान यांची तुलना व्हावी. 25 सेंमी लांब-रुंद, 30 सेंमी खोल मातीचा चौकोन काढायचा, गांडुळे हाताने वेचायची, तीच माती बुरशी आणि जिवाणूंसाठी प्रयोगशाळेत पाठवायची. कुदळ, परात आणि वनस्पती-प्राणिशास्त्राची चार पोरे पुरतात. जिल्ह्यातली महाविद्यालये हे काम आनंदाने घेतील, त्यांना फक्त वनखात्याची प्रवेश-परवानगी वेळेत मिळावी. ती पावसाळ्याआधी मिळाली तर बरे, कारण गांडुळे सापडतात ती जून ते सप्टेंबर. त्यानंतर ती खोल जातात आणि वर्ष फुकट जाते.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
जि. कोल्हापूर