बी विंगच्या मांजरीला सोडून देऊ नका: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय : पिल्लू गेलेली मांजर आणि रात्रीचं ओरडणं

महोदय,

रविवारी, १३ जुलैला सकाळी स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीखाली येऊन चार आठवड्यांचं पिल्लू गेलं. यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण तेव्हापासून त्याची आई रात्री दोननंतर डक्टपासून गेटपर्यंत ओरडत फिरते आहे, आणि ग्रुपवर ‘पोत्यात घालून मंडईजवळ सोडून या’ इथपर्यंत सूचना आल्या आहेत. समितीने ठरवण्याआधी हे पत्र वाचावं.

मांजर रडणं अशुभ, असं काही घरांत मानतात. ती रडत नाही, हाका मारते. मीटररूममागच्या खोक्याशी आली की आधी तोंड न उघडता बारीक ‘म्र्र’ करते. दूध प्यायला पिल्लाला बोलवायचा तो आवाज. मग कान खोक्याकडे करून थांबते. उत्तर येत नाही, तेव्हा तो लांब घोगरा आवाज सुरू होतो आणि एकेका गाडीचं टायर हुंगत फेरी. दिवसाही हे चालतंच, वर्दळीत ऐकू येत नाही इतकंच. पिल्लू लगेच कचऱ्याच्या गाडीत गेलं. तिला ते हुंगायला मिळालं असतं तर शोध बहुधा लवकर थांबला असता. पुन्हा कधी असं झालं, तर मेलेलं पिल्लू तासभर खोक्यापाशी ठेवावं, ती हुंगून बाजूला झाली की दोन-अडीच फूट खोल पुरावं.

हाका बहुतेक मांजरी काही दिवसांत कमी करतात, क्वचित दोन आठवडे लागतात. तोवर तो पुठ्ठ्याचा खोका आणि आतलं गोणपाट तिथून हलवू नये. खोका काढला की ती वास शोधत जिन्यात, बाल्कन्यांत शिरेल. तिचं तिथे येणं कमी झालं की काढता येईल. त्या कोपऱ्यात फिनेल मात्र अजिबात नको. फिनेलमधले फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट मोडून शरीराबाहेर टाकता येत नाहीत; ओल्या फरशीवरून चाललेली मांजर पाय चाटते आणि ते पोटात जातं. साध्या साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावं.

आवाजापेक्षा आम्हाला तिच्या दुधाची काळजी जास्त आहे. चौथ्या आठवड्याच्या आसपास मांजरीला सर्वांत जास्त दूध असतं आणि ते पिणारं आता कोणी नाही. दूध दाटतं, सड कडक होतात, जंतू शिरले तर गाठ होऊन पिकते. यावर एकच मार्ग : हात लावायचा नाही. दया येऊन कोणी दूध पिळलं, तर शरीर समजतं की पिल्लू पितंय, आणि आणखी दूध करतं. तसंच सोडलं तर एक-दोन आठवड्यांत आटतं. आठ सडांपैकी मागचे चार जास्त भरतात, लक्ष तिथे ठेवायचं. ती आडवी झाली की लांबूनच दिसतं. एखादा सड लाल-जांभळा, एकाच जागी सारखं चाटणं, मागचे पाय फाकवून चालणं, दिवसभर खाण्याला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. घरातली तापाची गोळी कोणीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खाण्यात तिला सध्या पिल्लांचं पौष्टिक खाणं मिळतं, ते बंद करून मोठ्या मांजराचं साधं कोरडं खाणं द्यायचं, दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, दोन वेळांत. उकडलेली मासळी काटे काढून चालेल. कांदा, लसूण, मीठ नको. पाणी कमी करायचं नाही. वाटीभर दूध ठेवणाऱ्या मावशींना आमचे हात जोडून सांगणं : मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचं दूध सहसा पचत नाही, हगवण लागते, आणि ती जिन्यातच.

सी विंगची मुलं तिच्यासाठी दुसरं पिल्लू आणायचं म्हणताहेत. मुलांचं मन मोठं आहे, पण परक्या वासाच्या पिल्लाला ती फटकारण्याचीच शक्यता जास्त, आणि बाहेरून आलेल्या पिल्लाबरोबर पॅनल्युकोपेनियासारखा रोगही येऊ शकतो. ती मोजा, फडकं तोंडात धरून फिरताना दिसली तर काढून घेऊ नका, हसू नका. तिला कोंडू किंवा उचलू नका. ओरखडा आलाच तर १५ मिनिटं साबणाने धुवून डॉक्टरांकडे.

लांब सोडण्याने प्रश्न सुटत नाही. बऱ्याच मांजरी परत येतात, नाही आली तर जागा दुसरी मांजर घेते. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं. आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय करणं रहिवासी संस्थेकडेच येतं. जागा मात्र मुलांच्या खेळापासून, जिन्यापासून आणि फाटकापासून दूर हवी. मीटररूममागचा कोपरा त्यात बसतो.

खरा उपाय नसबंदी, आणि तिथे तारीख महत्त्वाची. पिल्लू गेल्यावर मांजर एक-दोन आठवड्यांत माजावर येऊ शकते. गाभण राहिली तर ६३ ते ६५ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, खोक्यात पुन्हा पिल्लं. दूध भरलेलं असताना पोटावर छेद घेणं अवघड जातं, म्हणून सड ओसरायला वेळ द्यावा लागतो, पण फार थांबलो तर बोके येतातच. २८ जुलै ते २ ऑगस्ट यातला एक दिवस आम्ही पशुवैद्यांशी बोलून ठरवू. आदल्या रात्रीपासून कोणी खायला घालायचं नाही : पोट रिकामं लागतं आणि भुकेली मांजर पिंजऱ्यात लवकर शिरते. पिंजऱ्यावर जाड चादर टाकली की ती गप्प बसते. भूल देतानाच कानाचं टोक कापून घेऊ, म्हणजे नसबंदी झाल्याचं वॉचमनलाही दिसेल.

खर्च आमची वर्गणी. समितीकडून हवं ते एवढं : मंडईचा विचार सोडावा, त्या कोपऱ्यात फिनेल न वापरण्याची सूचना हाउसकीपिंगला द्यावी, पावसाळाभर गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची पाटी पार्किंगमध्ये लावावी, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला कोरड्या जागी ठेवायला जुन्या पंपरूमची किल्ली तीन दिवस द्यावी. तिथला दिवा बंद आहे, तो आम्ही बदलून घेऊ.

आपले,
बी विंगमधील सभासद