भाच्याने घेतलेले वकीलपत्र

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गेमिंगवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी कन्सोलच्या (म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राच्या) चाहत्यांच्या ‘निष्ठे’चे इतके गोडवे गायले आहेत की क्षणभर आषाढी वारीवरचे पान उघडले की काय असे वाटले. फरक एवढाच, की विठोबा वर्गणी वाढवत नाही.

माझा भाचा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला, म्हणून त्याला बक्षीस द्यायचे ठरले. बहिणीने चार पैसे वाचवायला कन्सोलचे बिनडिस्कचे मॉडेल घेतलेले, त्यामुळे खरेदी ऑनलाइनच. मूळ गेम त्याच्याकडे होता, हवा होता फक्त पुढचा जोडभाग, दीड हजाराचा. मी चष्मा न लावता बटण दाबले आणि पाच हजारांची ‘डिलक्स’ आवृत्ती गळ्यात पडली. चूक माझीच, आणि ती दहा मिनिटांत लक्षातही आली. कस्टमर केअरशी चॅटवर पाऊण तास झटलो. उत्तर एकच: डाउनलोड सुरू झाले आहे, पैसे परत मिळणार नाहीत. अहो, पण सुरू केले कोणी? मी चहा टाकायला गेलो होतो. त्या यंत्राने आपले आपणच सुरू केले! वाण्याने पुडा स्वतःच फोडायचा आणि वर म्हणायचे, फोडलेला माल परत घेत नाही.

यावर भाचा काय म्हणाला असेल? “मामा, टर्म्समध्ये लिहिलंय ते. कंपनीची काय चूक?” पैसे माझे गेले आणि याने वकीलपत्र घेतले कंपनीचे, तेही फुकट.

लेखात २०१३ साल म्हणजे चाहत्यांचा विजय, असे म्हटले आहे. असेल. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलसाठी दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी आणि वापरलेल्या डिस्कवर बंधने असा घाट घातला होता. नेट नसेल तर आमचा जुना एक्सबॉक्स ३६० आहे की, असे त्यांचे एक्सबॉक्सप्रमुख डॉन मॅट्रिक यांनी वर ऐकवलेही. बोंबाबोंब झाली आणि १९ जूनला सगळे मागे घेतले. मान्य. पण त्याच आठवड्यांत ‘मित्राला गेम कसा द्यावा’ याचा व्हिडिओ काढून (एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपले) प्रतिस्पर्धी सोनीने टाळ्या मिळवल्या. सोनीच्या पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर मित्रांशी ऑनलाइन खेळणे फुकट होते, नव्या पीएस४ वर त्यासाठी बहुतेक गेमना वर्गणी लागणार, हे त्या टाळ्यांत कोणाला ऐकू गेले? आणि २०२४ मध्ये पीएस५ प्रो आला तो ७०० डॉलरना, वर डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्या! आता तो व्हिडिओ पुन्हा लावा म्हणावे. (किंमत तुमच्या लेखाप्रमाणे डॉलरमध्येच लिहिली आहे. रुपयांत छापायला जागा नसावी.)

आम्ही कॅसेटमध्ये फुंकर मारून खेळायचो आणि कंटाळा आला की ती शेजारच्या पोराला देऊन त्याची आणायचो. कॅसेट कोणत्या कंपनीची, हे शेवटपर्यंत कळले नाही. निष्ठा ठेवणार कोणावर? भाच्याच्या सोसायटीत मात्र दोन तट पडले आहेत आणि एकमेकांच्या वाढदिवसाला जात नाहीत म्हणे.

ता. क. शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर दोन आठवडे छापलेले नाही. उभा ७ अडला आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)