विनोदाचे टोक कोणाकडे?

महोदय,

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत घरकाम करणारी बाई, हमाल किंवा खेड्यातून आलेला अडाणी माणूस हा हमखास हशाचा विषय असतो. त्याची बोली, त्याचे फाटके कपडे, हिशेबात होणारा त्याचा गोंधळ यांवर प्रेक्षक मनसोक्त हसतात. ज्यांना उलट उत्तर देता येत नाही त्यांची टिंगल म्हणजे उपहास नव्हे, असे मला स्पष्टपणे वाटते.

खरा उपहास महाराष्ट्राने संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनांत ऐकला आहे. जो देव स्वतःची आंघोळ करू शकत नाही आणि ज्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्यापासून आपल्यालाच राखावा लागतो, तो तुमचे रक्षण कसे करणार, असे ते विचारत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. पोटात अन्न नसताना कर्ज काढून सण आणि लग्ने साजरी करायला लावणाऱ्या रूढींवर व शिवाशिवीवर त्यांचा आसूड चाले. गरिबाला मात्र त्यांनी कधी हीन लेखले नाही. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली, हे त्याच कीर्तनांचे पुढचे पाऊल होते.

आज त्यांचे नाव ग्रामस्वच्छता अभियानापुरते उरले आहे, याची खंत वाटते. येत्या २० डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, शाळांनी हाती झाडू देण्याबरोबरच त्यांचे एखादे कीर्तनही मुलांना वाचून दाखवावे आणि त्यातले प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.

— एक शिक्षक, अमरावती