गच्चीवरच्या वाय-फाय बूस्टरबाबत हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

स. न. वि. वि.

येत्या सभेत गच्चीवर जास्त ताकदीचा बूस्टर बसवण्याचा विषय आहे. तो मंजूर करू नये. आपल्याकडे सिग्नल पुरेसा आहे, अडचण राउटरांच्या गर्दीची आहे.

2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ हा वाय-फायचा पट्टा देशात परवानामुक्त आहे. राउटर कोणीही लावावा. पण शेजारच्या राउटरचा त्रास होतो म्हणून दाद कुठेच मागता येत नाही. ते आपसांतच मिटवावं लागतं, म्हणून हे पत्र समितीला.

या पट्ट्यात 13 चॅनेल (म्हणजे ठरलेल्या जागा) आहेत, एकमेकांपासून 5 मेगाहर्ट्‌झवर. प्रत्येकाला जागा लागते सुमारे 20 ते 22 ची. म्हणजे एकमेकांवर न चढणारे तीनच: 1, 6 आणि 11. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले तर ते एकमेकांना ऐकून पाळीपाळीने बोलतात. तिसरा मध्येच 3 वर बसला तर दोन्हीकडच्यांना तो नुसता गोंगाट वाटतो. ‘कुणीच नाही म्हणून 3 घेतला’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

राउटरने स्वतःच चॅनेल निवडण्याच्या ‘ऑटो’ सेटिंगवरही भिस्त ठेवू नये. बरेच राउटर चालू होतानाच चॅनेल निवडतात. लाईट जाऊन आली की सगळे एकदम सुरू होतात, सगळ्यांना हवा मोकळी वाटते आणि बरेचसे एकाच जागी जाऊन बसतात. गणपतीत बंद फ्लॅट उघडले की याची प्रचीती येते.

पर्याय बिनखर्चाचा आहे. ए विंगमध्ये तळमजला 1, पहिला 6, दुसरा 11, तिसरा पुन्हा 1. बी विंगमध्ये सुरुवात 6 पासून. चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्‌झच ठेवावी, 40 केली की दोन घरांची जागा खाल्ली जाते. टीव्ही आणि लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे 5 गिगाहर्ट्‌झवर, चॅनेल 36 किंवा 149. ही लहर स्लॅबमधून फारशी जात नाही, आणि इथे तेच सोयीचं. राउटर टीव्हीमागे किंवा फ्रिजवर नको. घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीला. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी धरते आणि सिग्नल आणखी खाते, तेव्हा टोकाच्या खोलीसाठी रिपीटरऐवजी केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारं उपकरण) लावावा. साधा रिपीटर ऐकलेलंच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. वेग साधारण निम्मा होतो.

बूस्टरच्या कोटेशनमध्ये ‘मोबाईल रेंजसकट’ असंही लिहिलं आहे. परवानगीशिवाय मोबाईल रिपीटर बसवणं बेकायदेशीर आहे. तो टॉवरच्या सिग्नलमध्येच अडथळा आणतो आणि जबाबदारी बसवणाऱ्यावर येते, म्हणजे संस्थेवर. 6 गिगाहर्ट्‌झच्या नव्या वाय-फाय पट्ट्याचंही आमिष आहे. 5925 ते 6425 मेगाहर्ट्‌झ खुला करण्याचा दूरसंचार विभागाचा मे 2025 चा मसुदा घरातल्या कमी ताकदीच्या वापरासाठी होता. बाहेर त्याहून खूप कमी ताकद. गच्चीवर त्याचा काय उपयोग?

खर्च करायचाच तर दोन विंग जोडणारी तांब्याची लॅन (नेटवर्कची) केबल बदलण्यावर करावा. गच्चीवरची ही केबल विजेचा झटका दोन्हीकडच्या नेटवर्क स्विचपर्यंत नेते. तिथे वीज न वाहणारी, काचेच्या तंतूची फायबर टाकावी, आणि तीही आत पोलादी तार नसलेली. तार असली तर मूळ दोष तसाच राहतो.

या केबलच्या गच्चीवरच्या पेटीतला कनेक्टर एकदा काढून पाहावा. पितळेच्या भांड्यासारखा आठही पिनांवर कळंक चढलेला आहे. खारी हवा आणि केबलमधूनच जाणारी वीज, दोन्ही मिळून पिना खातात. केबल पेटीत वरून घातली आहे, त्यामुळे पागोळीचं पाणी तिच्यावरून थेट आत उतरतं. नवी पेटी आयपी 65 ची (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी) घ्यावी, छिद्र खालून, ग्लँडसह (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचासह). आणि केबलला पेटीखाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल.

पेटी आणि फायबरचं काम मिरगाच्या आधी व्हावं. चॅनेलचा तक्ता सूचना फलकावर लावल्यास राउटरची सेटिंग मी घरोघरी येऊन करून देईन.

आपला,
सभासद, बी विंग