नोकरी सोडणाऱ्याची ग्रॅच्युइटी अडवू नका

कुपवाड एमआयडीसीतील सर्व सभासद कारखानदारांना कळकळीची विनंती.

दहा कामगार झाले की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू. पुढे संख्या घटली तरी सुटका नाही. सलग पाच वर्षं नोकरी केलेल्या कामगाराने स्वतःहून राजीनामा दिला, तरी ती द्यावीच लागते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. पूर्ण वर्षांच्या वर सहा महिन्यांहून जास्त दिवस झाले असतील तर ते म्हणजे आणखी एक वर्ष. म्हणजे १५,००० रुपयांवर ८ वर्षं ७ महिने केलेल्या लेथ ऑपरेटरचे साधारण ७७,८८५ रुपये होतात. ३० दिवसांत द्या, नाहीतर व्याज लागतं.

‘सर्व हिशोब मिळाला’ अशा व्हाउचरवर सही घेतल्याने कामगाराचा हक्क बुडत नाही. ही पद्धत कृपया आजच बंद करा. हजेरीपत्रकं मात्र जपून ठेवा.

– सचिव