नेमणूकपत्र कंत्राटी कामगारालाही मिळू दे

महोदय,

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कामगार कायदे मोडीत निघाले. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे मालक आणि कामगार, दोन्हीकडची कुरकुर कानावर येते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या किमान निम्मा भाग हवा, हा नियम मालकांना झोंबलाय. मूळ पगार आखडायचा आणि उरलेली रक्कम ‘धुलाई’, ‘वाहन’, ‘इतर’ अशा रकान्यांत पांगवायची, ही जुनी युक्ती. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते, ती आता वाढणार, म्हणून रड! ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटी, ही तरतूद मला तरी पटते. पण कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे नेली, त्याचे काय? वसाहतीतले मधले कारखाने त्यातून अलगद सुटले.

नेमणूकपत्र आता सर्वांना सक्तीचे आहे. कंत्राटदाराच्या माणसांकडे मात्र आजही गेटपासशिवाय कागद नसतो. राज्याच्या कामगार खात्याने वेर्णा, कुंडईत जाऊन तेवढे तरी तपासावे.

– एक हिशेबनीस, फोंडा